मेथीचा बांध आणि घाटाचा प्रसाद

राजापेठ, अमरावती
१२ फेब्रुवारी १९४०

कॉलेजात असताना रोजनिशी लिहीत होते. लग्नानंतर सुटली. संसारात तारीख घालून ठेवण्यासारखे काही घडत नाही, असे तेव्हा वाटे. आज पुन्हा सुरू करते, कारण काल पुंजारामाने अकोल्याची मोटार मूर्तिजापूरच्या अलीकडे नाल्यात घातली, आणि ज्याला विचारावे तो निराळी हकीकत सांगतो.

मी स्वतः जाऊन पाहिले ते असे. गाडी उजव्या कुशीवर पडलेली. टपावरच्या पाट्या फुटून वांगी नाल्यात. माणसे वाचली. बडनेऱ्याची पार्बताबाई, आमच्याच माळ्यांतली, भाजी घेऊन अकोल्याला चालली होती. तिचे मनगट मोडले. पुंजाराम बाभळीखाली बसला होता.

"बैल आडवा आला, बाई," तो म्हणाला.

पार्बताबाई हात गळ्यात बांधून शेजारीच होती. म्हणाली, "बैल आपल्या वाटेनं चालला होता. बैल पेला नव्हता, बाई."

मी पुंजारामाजवळ वाकले. वास घ्यावा लागला नाही, तो आपण होऊन आला.

आमचे खुशालराव जाऊन चार वर्षे झाली. नाव लिहिते, रोजनिशीत लाजायचे कोणाला. संत्र्याच्या एका लॉरीवर त्यांनी धंदा उभा केला. आज चार मोटारी आहेत: दोन अकोल्याला, एक धामणगाव रेल्वेला, आणि उन्हाळ्यात एक चिखलदऱ्याला. ते म्हणत, ड्रायव्हरने थोडी घेतली की हात स्थिर राहतो. गोड माणूस होते. पुष्कळ गोष्टींत चुकीचे होते.

१६ फेब्रुवारी

डेप्युटी कमिशनरसाहेबांनी बोलावले. अकोल्याचे पंजाबराव आधीच खुर्चीवर होते. त्यांच्याही मोटारी आमच्याच रस्त्यांवर चालतात, चिखलदऱ्याच्या घाटात सुद्धा.

साहेब म्हणाले, "घाट अरुंद आहे. दोन सर्व्हिसांची चढाओढ तिथे नको. या मोसमानंतर एकालाच परवाना राहील. मे महिन्यात ठरवीन. नाल्यातली मोटार मी विसरलेलो नाही, बाई."

घाट गेला तर उन्हाळा गेला, आणि उन्हाळा गेला तर बाकीच्या गाड्यांच्या टायरांना पैसे उरणार नाहीत. म्हणजे खुशाल मोटर सर्व्हिस बंद. घरी बसून लोणची घालण्याइतकी मी म्हातारी झालेली नाही, आणि लोणची मला येतही नाहीत.

व्हरांड्यात पंजाबरावांनी गाठले. "बाई, मोटार म्हंजे भाजीची पाटी नाई. घेतली डोक्यावर अन् निघाले, असं नसते."

"खरे आहे," मी म्हणाले. "पाटीला ड्रायव्हर लागत नाही. म्हणून ती कधी नाल्यात जात नाही."

१८ फेब्रुवारी

नियम केला. कामावर येताना कोणी पिऊन यायचे नाही, ताडी नाही, गांजा नाही, आणि चाक हातात घेण्यापूर्वी रोज सकाळी परीक्षा. नापास होईल त्याने त्या दिवशी गाड्या धुवाव्यात. पुंजारामाला काढून टाकावे असे सगळ्यांचे म्हणणे पडले. मी त्याला धुण्यावर ठेवले. काढून टाकला तर पंजाबराव त्याला घेतील, आणि तो पुन्हा माझ्याच रस्त्यावर समोरून येईल.

परीक्षा कसली, हा प्रश्न. मुनीम शेषराव म्हणाले, तोंडाचा वास घ्यावा. सध्या तसे करू.

२६ फेब्रुवारी

वासाचा काही उपयोग नाही. आज एकेकाच्या तोंडाला कांदा, लवंग, पान, लसणाची चटणी. नाकाची कचेरी उठवावी लागली.

"कांदा खाऊन येऊ नका," मी म्हणाले.

चंद्रभान आमचा सर्वांत जुना ड्रायव्हर, घाटाची गाडी त्याचीच. तो म्हणाला, "कांद्याबिगर भाकर कशी उतरन, बाई? दारू सोडा म्हंता, सोडली. आता कांदाही सोडला तं मंग घरी जाऊन काय, बायकोचं तोंड पाहाचं?"

सगळे हसले. मी हसले नाही. पण मुद्दा बरोबर आहे. वास हा पुरावा नव्हे.

आंघोळ करताना बाबांचा मळा आठवला. पाणी देणारा गडी वाफ्यांच्या बांधावरून भरली घागर घेऊन जाई. बाबा त्याच्या तोंडाकडे पाहत नसत, मेथीकडे पाहत. बांध वीतभर रुंद. घेतलेल्या माणसाचा पाय हटकून वाफ्यात पडतो, आणि मोडलेली मेथी दुपारपर्यंत मान टाकते. तिला कांदा खाऊन फसवता येत नाही.

आमच्या मोटारींच्या अड्ड्यामागच्या अंगणात, गाड्या धुतल्याचे पाणी जाते तिथे, लांब बांध घालवून दोन्ही अंगांना मेथी पेरायला सांगितली. शेषरावांना वाटते माझे डोके फिरले. तसे ते बोलले नाहीत, फक्त दोनदा विचारले, "मेथीच ना?"

१७ मार्च

मेथी बोटभर वर आली. आज पहिली परीक्षा. घागर काठोकाठ भरलेली, खांद्यावर घेऊन या टोकापासून त्या टोकाला जायचे आणि परत यायचे.

कोणी पुढे होईना. चंद्रभान म्हणाला, "बाई, आमी ड्रायव्हर हाओ. सर्कशीतले नाई."

"घाटात रस्ता किती रुंद आहे?"

"मोटारीपुरता."

"आणि बाजूला मेथी असते की दरी?"

तरी त्याने पाऊल उचलले नाही. मग मीच लुगड्याचा ओचा खोवला, घागर घेतली आणि चालून दाखवले. लहानपणी हे रोजचे होते. जाऊन आले. एक पान हलले नाही. थोडे पाणी खांद्यावर सांडले, ते मान्य करते.

धामणगावच्या गाडीचा ड्रायव्हर देवीदास पुढे आला. मग दुसरे. शेवटी चंद्रभान. तो असा चालला जसे अंगणातून नळावर चाललाय. चांगला चालतो. हे त्याला सांगितले नाही.

पुंजाराम मध्येच वाफ्यात उतरला. "चप्पल सरकली," म्हणाला. पायात चप्पल नव्हती.

२५ मार्च

काल धुळवड. आज अंगणात मेथीची कत्तल. कोणी भांग, कोणी ताडी, देवीदास म्हणतो फक्त थंडाई. चंद्रभानाशिवाय सगळे नापास.

धामणगावची गाडी त्याला दिली, अकोल्याच्या दोन्ही बंद ठेवल्या. शेषराव रडकुंडीला आले. "बाई, एक दिवसाचं तं पाहा. सणाचं हाय. लोक शिव्या देऊन राह्यले."

"द्या म्हणावे. शिव्यांनी मनगट मोडत नाही."

उतारू पंजाबरावांच्या गाडीत गेले. त्यांचा एजंट आमच्याच दारासमोर भोंगा वाजवीत उभा होता. जेवण गेले नाही. नणंद बेबीताई म्हणाल्या, "वयनी, तुमी जगाले सरळ करून राह्यल्या, अन् घरात वरण करपून राह्यलं."

३० मार्च

एक नवीन त्रास. ओसरीवर सकाळी पाटी सापडते. परवा वांगी आणि मिरच्या. काल सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या. आज शेवंतीचा गजरा. शेषरावांकडून कळले, चंद्रभानाची बायको कौशल्या ठेवून जाते. ती बाजारात भाजी-फुले विकते. पुंजारामाची बायकोही एकदा दिसली.

ही उघड लाच आहे. पुंजारामाचे समजू शकते. पण चंद्रभान तर रोज पास होतो, त्याच्या बायकोला लाच द्यायचे कारण काय? सगळे परत पाठवले. गजरा बेबीताईंनी आधीच माळला होता.

८ एप्रिल, पाडवा

मोटारींना आंब्याचे डहाळे बांधले, हळदकुंकू वाहिले. पुंजाराम आज पहिल्यांदा बांधावरून नीट गेला आणि परत आला. घागर ठेवून तिथेच उभा राहिला. त्याची बायको फाटकाशी उभी होती, ती पदर तोंडाला लावून रडत होती. नवरा पास झाला की या बायका रडतात. नापास झाला तेव्हा ही हसली होती. मला काही समजत नाही.

उद्यापासून त्याला अकोल्याची गाडी. घाटाचा मोसमही उद्यापासून.

१४ एप्रिल

चिखलदऱ्याहून परतलेल्या एका वकिलांनी सहज म्हटले, "तुमचा ड्रायव्हर घाटात मोठा रंगात होता. गाणी म्हणत होता." चंद्रभान सकाळी माझ्यासमोर बांधावरून गेला होता. घाटाखालच्या परतवाड्यापर्यंत त्याने कुठे गाडी थांबवली नाही, हेही खात्रीचे आहे.

उद्या मी गाडीत बसणार.

१५ एप्रिल, चिखलदरा

सगळे कळले.

घाटाच्या पायथ्याशी शेंदूर फासलेला एक दगड आहे. त्याला घाटदेव म्हणतात. एक म्हातारा कोरकू त्याची पूजा करतो. त्याला भूमका म्हणतात. गाडी तिथे आपोआप थांबते. भूमका मोहाची दारू दगडावर ओततो, मग पुढच्या चाकावर ओततो, मग पानाचा द्रोण भरून ड्रायव्हरला देतो. ड्रायव्हर पितो. उतारू हात जोडतात. गाडी घाट चढू लागते.

द्रोण लहान नसतो.

वर पोहोचल्यावर चंद्रभानाला बाजूला घेतले. "नियम विसरलास?"

"बाई, नियम राजापेठेचा. हा घाट देवाचा."

"देवाला दगडावर मिळाली. तुला कशाला?"

तो दरीकडे पाठ करून उभा राहिला. मग म्हणाला, "मी आवडीनं नाई घेत. खाली पाह्यलं का दरी अंगावर येते. तो घोट गेला का दरी दिसत नाई. इतक्या वर्सांत कोनाले सांगतलं नाई. तुमाले सांगून राह्यलो."

मी म्हणाले, "दरी दिसली पाहिजे. ज्याला दरी दिसत नाही त्याच्या हातात मी माणसे देणार नाही."

तो पुढच्या फेरीपासून घेणार नाही. मी त्याच्या बाजूला बसणार.

१८ एप्रिल, परतवाडा

आजचा दिवस वाईट. जसा झाला तसा लिहिते.

दगडाशी गाडी थांबली. भूमक्याने द्रोण पुढे केला. चंद्रभानाने हात जोडले आणि मान हलवली. गाडीत धामणगावचे एक कापसाचे व्यापारी सहकुटुंब होते. त्यांची आई सर्वांत आधी उठली.

"ड्रायव्हरनं देवाचा घोट नाई घेतला. मी नाई चढत वर."

"आई, म्हणूनच चढा," मी म्हणाले. "आज घाटातला हा एकच शुद्धीवरचा ड्रायव्हर आहे."

"शुद्धी घेऊन काय करू? देवाची नजर पाह्यजे."

ती उतरली. मुलगा उतरला, सून उतरली, मग सगळी गाडी उतरली. मला वाटले होते माझे भांडण दारूशी आहे, ड्रायव्हरांशी आहे. उतारूच पाजतात, हे डोक्यातच आले नव्हते. व्यवस्थित कपड्यांतली, हिशेबी माणसे. धोतराला डाग पडू देत नाहीत, आणि दरीच्या काठावर चाक धरणाऱ्याने पिऊन यावे म्हणून हट्ट धरतात.

मागून पंजाबरावांची गाडी आली. त्यांच्या ड्रायव्हरने द्रोण घेतला, वर दुसरा मागून घेतला. माझे सगळे उतारू त्यात चढले. काही टपावर बसले. चंद्रभान आणि मी रिकाम्या गाडीत.

"आता, बाई?" तो म्हणाला.

गाडी परतवाड्याला मागे फिरवायला सांगितली. असे फार थोड्या वेळा होते.

२१ एप्रिल, चिखलदरा

दुपार. डाक बंगल्यासमोरच्या बाकावर बसून लिहिते. घाटातली हवा फार हलकी असते. अक्षर नेहमीपेक्षा मोठे येत आहे.

सकाळी पायथ्याशी उतारू पुन्हा अडून बसले. या वेळी मी भूमक्याकडे गेले आणि सरळ विचारले, "हा घोट ड्रायव्हरनेच का घ्यायचा?"

"ज्याची गाडी, त्यानं घ्यावं," तो म्हणाला. "नाई तं देव गाडीले ओळखत नाई."

"गाडी कोणाची?"

त्याने चंद्रभानाकडे बोट दाखवले.

"त्याची नाही. माझी आहे. कागद माझ्या नावाचा आहे."

भूमका माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहू लागला. मग हसला. त्याला दोनच दात आहेत. "मंग तूच घे, माय."

हे मला आधी सुचायला हवे होते. सुचले नव्हते. उतारू जवळ सरकले. एक बाई दुसरीला म्हणाली, "घेते का नाई पाह्य." माझे सगळे आयुष्य मी चहासुद्धा फिका घेत आले. पण बांधावरून आधी मी गेले होते, तर इथेही मीच जाणार, हे उघड होते.

द्रोण घेतला, देवाला दाखवला, प्यायले. जळकट गोड चव, कढईत विसरलेल्या फुलांसारखी. घशातून विस्तव गेल्यासारखे झाले आणि मग विस्तव जागेवर बसला. भूमका म्हणाला, "पुरा." पुरा केला.

उतारूंनी हात जोडले आणि निमूट गाडीत चढले. एवढेच हवे होते त्यांना.

आता माझ्याच नियमाने मी कामावर राहू शकत नव्हते. गाडी सोडायची, मालकाची शिटी गळ्यातून काढून चंद्रभानाला दिली. "वर पोहोचेपर्यंत गाडीचा मालक तू. मी उतारू." आणि मागच्या बाकावर जाऊन बसले.

पहिल्या वळणावर त्याची मान ताठ दिसत होती. दरी मलाही दिसत होती, दोन ठिकाणी जरा जास्तच. तिसऱ्या वळणाच्या पुढे पंजाबरावांची मोटार वरून आली, रस्त्याच्या मधोमध, आणि वळणावर आडवी होऊन बंद पडली. त्यांचा ड्रायव्हर खाली उतरला, रस्त्यावर मांडी घालून बसला आणि हसू लागला. वर दगड नाही, पण वरच्या बाजारात दारूचा पिठा आहे. आत माणसे ओरडत होती.

दोन गाड्या तिथे ओलांडू शकत नाहीत. एकीने मागे जायला हवे. चंद्रभानाने मागे वळून पाहिले. माझ्याकडे नाही, रस्त्याकडे. मग भरली गाडी उताराने उलटी घेऊ लागला. दरीच्या अंगाला चाक आणि काठ यांच्यामध्ये घागरीच्या तोंडाएवढीही जागा नव्हती. धामणगावची ती म्हातारी आज पुन्हा आली होती, ती डोळे मिटून घेईना. इंजिन आणि मागे क्लीनरची हाक, एवढाच आवाज. रुंद जागा आली तिथे त्याने गाडी डोंगराला टेकवली, चाकांना धोंडे लावले, मग चालत वर गेला, पंजाबरावांची मोटार हँडल मारून सुरू केली आणि तीही तशीच सावकाश खाली आणून आमच्या बाजूने पुढे काढून दिली. त्या गाडीत साहेबांच्या कचेरीतले हेडक्लार्क सहकुटुंब होते. ते उतरून त्याचे दोन्ही हात धरून उभे राहिले.

चंद्रभान परत येऊन चाकावर बसला. कपाळ पुसले. म्हणाला, "बाई, दरी दिसली. सगळीच्या सगळी दिसली."

"मग?"

"खोल हाय. पन जाग्यावर हाय."

चंद्रभान चांगला माणूस आहे. पुंजाराम चांगला आहे. भूमका चांगला आहे. पंजाबरावसुद्धा मनाने वाईट नसावेत. सगळेच चांगले आहेत. हे वाक्य उद्या पुन्हा वाचून पाहावे.

२२ एप्रिल

कालचे वाक्य वाचले. सगळे नाहीत.

५ मे

रोज घाटावर जाणे मला शक्य नाही, म्हणून भूमक्याशी बोलून पुढचे ठरवले. त्या फेरीतला एक उतारू गाडीच्या वतीने घोट घेतो. त्याला 'गाडीचा यजमान' म्हणतात. तो मागच्या बाकावर बसतो आणि चाकाजवळ येत नाही. आता यजमानपदासाठी राजापेठेतच भांडणे होतात. मागचा बाक आधी भरतो. लोकांची श्रद्धा पाहून आश्चर्य वाटते.

बेबीताई सुद्धा सर्व्हिसच्या कामात लक्ष घालू लागल्या. गेल्या तीन फेऱ्यांना त्या स्वतः यजमान म्हणून गेल्या. "घरचं मानूस असलं तं देवाले बरं वाटते, वयनी," म्हणतात. वीस वर्षांत या घरातून हलायला तयार नव्हत्या. त्यांची निष्ठा मी आजवर ओळखली नव्हती. परवाही जाणार आहेत.

पंजाबरावांच्या गाड्या निम्म्या रिकाम्या जातात. हेडक्लार्कांनी गावभर सांगितले. बाजारच्या माळणींनी तर अकोल्याला सुद्धा आमच्याच गाडीने जायचे ठरवले आहे. पार्बताबाई, मनगट बांधलेली, पुंजारामाच्या गाडीत पहिल्या बाकावर बसते. म्हणते, "मी पाहारा करतो त्याच्यावर."

ओसरीवरच्या पाट्या थांबत नाहीत. आज कौशल्येला समोर उभी केली. "तुझा नवरा पास आहे, घाटात त्याचे नाव झाले. आता कशासाठी लाच?"

ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई, तुमी शिकल्या लय, पन तुमाले कोनी काई देते म्हंजे काहून देते, हे नाई शिकवलं का कोनी?"

उद्धट आहे. तिने आणलेली कारली ठेवून घेतली, कारण ती परत न्यायलाच तयार होईना.

२० मे, चिखलदरा

साहेब उन्हाळ्यात इथल्या बंगल्यावर असतात. निकाल आज होता. मी सकाळच्या गाडीने आले. पंजाबराव आपल्या मोटारीने.

साहेबांनी हेडक्लार्कांचा अर्ज वाचून दाखवला. मग मला विचारले, "तुमच्या ड्रायव्हरने त्या दिवशी घेतली नव्हती, याला आधार काय?"

"त्याच्या वाट्याची मी घेतली होती," मी म्हणाले.

पंजाबराव खुर्चीतून उठले. "ऐका साहेब. मालकीणच पेते. तोंडानं सांगून राह्यली."

साहेब माझ्याकडे वळले. मी सगळे सांगितले: दगड, द्रोण, कागद कोणाच्या नावाचा, मागचा बाक. काही लपवले नाही, चवीचेही सांगितले. साहेबांनी रुमाल तोंडाशी धरला. खोकला असावा.

"पंजाबराव," ते म्हणाले, "मालकीण चाकावर नव्हती. तुमचा माणूस होता."

घाटाचा परवाना खुशाल मोटर सर्व्हिसला. शिवाय जिल्ह्यात उतारू नेणाऱ्या प्रत्येक मोटारीच्या ड्रायव्हरची सकाळी परीक्षा झालीच पाहिजे, असा हुकूम जूनपासून निघणार आहे. परीक्षा कशी घ्यावी याची टिपणे साहेबांनी माझ्याकडे मागितली. पंजाबरावांनी जाताना पगडी सावरून विचारले, "ते मेथीचं बी कोनतं वापरता, बाई?" सांगितले. बियाणे लपवण्याइतकी मी हलकी नाही.

कागद घेऊन बाहेर आले तो आमची परतीची गाडी सुटण्याच्या बेतात. पंजाबरावांची मोटार सोडून लोक आमच्याकडे आले होते, त्यामुळे आत तीळ ठेवायला जागा नाही. मी पायरीवर पाय ठेवला.

चंद्रभानाने शिटी तोंडातून काढली. "बाई, जागा नाई."

"चंद्रभान, परवाना मिळाला. आपल्याला मिळाला."

गाडीत एकदम गलका झाला. कोणी टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावरून बेबीताईंचा आवाज आला, "अंबादेवी पावली, वयनी." चंद्रभान हसला, इतक्या वर्षांत मी त्याचे सगळे दात प्रथम पाहिले. पण तो चाकावरून हलला नाही.

"परवान्यात सोळा उतारू लिवले हायत का नाई?"

"लिहिले आहेत."

"सोळा भरले. सतरावं मानूस मी घाटात नेत नाई. तुमीच सांगतलं तं नेतो, पन मंग नियम कोनाचा, ते तुमीच सांगा."

मी पाय खाली घेतला. दार लावले, बाहेरून कडी घातली आणि हाताने पत्र्यावर थाप मारली, खुशालराव मारीत तशी. गाडी निघाली. वळणाशी त्याने भोंगा वाजवला, लांब, लग्नाच्या वरातीसारखा, आणि ती खाली उतरत दिसेनाशी झाली.

आता पुढची गाडी उद्या. धर्मशाळेत खोली मिळाली आहे. माझ्याच सर्व्हिसने मला जागा दिली नाही, आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून मी एकटीच मोठ्याने हसत होते. कॉफीच्या मळ्यातून येणाऱ्या दोन बायका थांबून पाहू लागल्या. एकीने विचारले, "बाई, गाडी चुकली का?"

"नाही," मी म्हणाले. "बरोबर गेली."